दोन डबे आणि एक तार

खंडारे बाईंबरोबर बाजारात जायचं तर घरून जेवून निघावं, हे मी पहिल्याच खेपेला शिकलो. बाई वस्तू हातात घेत, कानाशी नेऊन हलवत, नाकाशी धरून वास घेत. बॅटरीचा सेल असला तर दुकानदाराच्या देखत त्याला दोन तारा लावून त्या जिभेला टेकवत. जीभ चुणचुणली तर सेल जिवंत. नाही चुणचुणली तर त्या दुकानदाराकडं अशा पाहत की तो बिचारा निमूट दुसरा सेल काढून देई. एकदा वाशीमच्या बाजारात एकानं कंटाळून विचारलंच, "बाई, घ्याचं हाय का नुसतं चाटाचं हाय?"

"चाटल्याबिगर घेनारे गिऱ्हाईक तुमच्याकडं लय येत असतीन," बाई म्हणाल्या, "म्हनून तं असे सेल ठेवता तुमी." आणि खळखळून हसल्या. तोही हसला. बाई हसायला लागल्या की समोरच्यानं रागात राहायचं म्हणजे कठीणच काम होतं.

बाई आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. म्हणजे एरवी आमचा एकमेकांशी संबंध स्टाफरूमच्या चहापुरता. पण बाईंना सामान धरायला कोणीतरी लागे, आणि मला नाही म्हणता येत नसे. हा माझा स्वभाव माझ्या बायकोला आवडत नाही, बाईंना मात्र फार आवडायचा.

दिसायला ठेंगण्या, पण चालायला अशा की सोबतच्या माणसाला अर्धं पळावं लागे. खांद्याला खाकी कापडाची झोळी. तिच्यात पक्कड, पेचकस, सुतळी, भाजलेले शेंगदाणे आणि पोरांच्या वह्या, सगळं एकत्र नांदत असे. वह्या तपासून परत मिळाल्या की त्यांना शेंगदाण्याचा वास यायचा, आणि मागच्या बाकावरची पोरं म्हणायची, बाईनं आपली वही भाजली.

पण बाईंची खरी विद्या होती ती स्वस्ताईची. आम्ही सगळेच मास्तर लोक स्वस्तातलं पाहत होतो, त्यात काय विशेष. बाईंचा स्वस्तपणा वेगळा होता. एखाद्या वस्तूचा भाव कमी आहे म्हणून मी खूश झालो की त्या मला थांबवत. "महाग म्हनजे काय सर? जे बिघडलं तं घेऊन परगावी जा लागते, ते महाग. जे चोराले आवडते, ते महाग. अन् जे आपल्याबिगर दुसऱ्या कोनाले चालवता येत नाई, ते तं सगळ्यात महाग." हे त्या इतक्या वेळा बोलल्या की आजही मी साधा कुकर घ्यायला गेलो तरी मनात हे तीन प्रश्न विचारून घेतो. बायको म्हणते, चोराला कुकर आवडतो की नाही याच्याशी आपल्याला काय करायचंय.

ही गोष्ट बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली तेव्हाची. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, तालुका होता, आणि जरा काही वेगळं घ्यायचं म्हटलं की अकोला गाठावं लागे. आमचं गाव केनवडहून आत. दुष्काळानं जाताजाता गावाला एक चांगली गोष्ट देऊन ठेवली होती, ती म्हणजे नळयोजना. नाल्याकाठी विहीर, विहिरीवर विजेची मोटार, तिथून लोखंडी पाईप जमिनीतून थेट गावामागच्या टेकडीवर. टेकडीवर दगडी टाकी, आणि टाकीतून साऱ्या गावाला पाणी. शेवटचा नळ बौद्धवाड्यात, बाईंच्या खोलीसमोर. बाई मूळच्या मानोऱ्याकडच्या, इथं नोकरीपुरत्या राहत.

मोटारीवर माणूस नेमला होता देवराव. हे पाईप टाकायच्या कामावर असतानाच त्याच्या पायावर गाडीतून पाईप घसरला होता. पाय बरा झाला पण वाकडाच राहिला, म्हणून पंचायतीनं त्याला मोटारीवर ठेवलं. स्वभावानं इतका भिडस्त की समोरून म्हैस आली तरी तोच बाजूला व्हायचा.

आता त्याची अडचण अशी. वीज यायची तिच्या मर्जीनं. ती आली की देवरावनं मोटार सुरू करायची, मग लंगडत गाव ओलांडून टेकडी चढायची, टाकी भरली का पाहायचं, आणि पुन्हा लंगडत खाली येऊन मोटार बंद करायची. तो खाली पोचेस्तोवर टाकी उतू जायची आणि टेकडीखालच्या घरांच्या भिंती भिजायच्या. शिव्या बसायच्या. त्या भीतीनं तो मोटार लवकर बंद करायचा, मग टाकी अर्धीच राहायची आणि शेवटच्या नळाला टिपूस यायचा नाही.

एका संध्याकाळी बाई आपल्या नळासमोर रिकामी घागर घेऊन उभ्या होत्या. मी वह्या द्यायला गेलो होतो. मला म्हणाल्या, "लहानपनी मी दुसऱ्याच्या विहिरीवर हुभी राह्यली सर, कोनी वरून पानी वाढन म्हनून. आता नळापुढं हुभी हावो. वाटच पाहाची होती तं मंग पाईप कायले टाकला?" हे त्या हसूनच बोलल्या, पण त्या दिवशी त्यांनी मला शेंगदाणे विचारले नाहीत.

मग ग्रामसभा झाली. सरपंच नानासाहेब माणूस वाईट नव्हता, पण रोजच्या तक्रारींनी जेरीस आला होता. तो म्हणाला, "देवरावचं मलेबी वाईट वाटते. पन असं किती दिवस चालवाचं? दिवाळीनंतर धडधाकट गडी पाहू." देवराव दाराशी बसला होता. त्यानं टोपी काढली, हातात फिरवली आणि परत घातली. त्याची बायको कौसल्या बाहेर ओट्याखाली उभी होती, तिनं पदर तोंडाशी नेला. घरात दोन पोरी, शेत नाही, आणि या पायानं दुसरं काम कोण देणार होतं त्याला?

बाई उठल्या. "दिवाळीपर्यंत टाइम हाय ना नानासाहेब?"

"हाय ना."

"मंग देवरावभाऊनं टेकडी काहून चढाची? आपुन टाकीलेच बोलाले शिकवू."

सभा हसली. मीही हसलो, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की आता आपल्याला अकोल्याला जावं लागणार.

अकोल्याला मजीदभाईंचं भंगाराचं दुकान होतं. बाईंचं ते आवडतं ठिकाण. मजीदभाईंनी बाईंना पाहिल्यावर चहा मागवला, कारण आता दुपार गेली हे त्यांना माहीत होतं. बाईंनी काम सांगितलं: टाकी दूर, मोटार दूर, टाकीची खबर मोटारीपर्यंत तारेनं यायला पाहिजे, आणि शाळेनं प्रयोगाच्या खर्चातून जे दिलंय त्यात बसायला पाहिजे.

मजीदभाई आत गेले आणि लष्कराचे दोन जुने टेलिफोन घेऊन आले. चामड्याची पेटी, बाजूला फिरवायचा दांडा. एकीकडं दांडा फिरवला की दुसरीकडं घंटी. "फौज का माल है बाई. जंग में चला, आपके गाँव में क्यों नहीं चलेगा?" बाईंनी दांडा फिरवला. घंटी वाजली. बाईंचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, संपली खरेदी, आता लवकर जेवायला मिळतं. त्यांनी पुन्हा फिरवला. पुन्हा फिरवला. मग उसासा टाकून फोन खाली ठेवला.

"बिघडला तं कोन दुरुस्त करन?"

"मेरे पास ले आना."

"म्हनजे देवरावभाऊ लंगडत अकोल्याले येतीन? अन् असा देखना फोन टेकडीवर ठेवला तं एक रात टिकन का? नाई भाई. हा चोराले लय आवडन."

मग त्यांनी दुकानाचा तळ उपसायला घेतला. एक सायकलच्या दुकानात शोभेल अशी पण विजेच्या सेलवर चालणारी घंटी काढली. तांब्याची तार पाहिली, कुरवाळली आणि ठेवून दिली, कारण तीही चोराला आवडते. त्याऐवजी कुंपणाला वापरतात ती जस्त चढवलेली लोखंडी तार. शेवटी जळालेल्या दोन रेडिओंचे कर्णे, म्हणजे आतले स्पीकर, मागितले. मजीदभाई कर्ण्यामागचा छोटा ट्रान्सफॉर्मर सुटा करू लागले तर बाईंनी त्यांचा हातच धरला. "तो राहू द्या, त्याच्यावर तं सारा खेळ हाय."

"कर्णे कायले?" मी विचारलं. भूक लागली की मीही वऱ्हाडीत येतो.

"घंटी एकच गोष्ट सांगते सर. टाकी भरली. अन् नाई भरली तं काहून नाई भरली, ते कोन सांगन? त्याच्यासाठी बोला लागते. कर्न्यात बोललं का दुसऱ्या कर्न्यात आयकू येते, सेलबी लागत नाई."

मला ही थाप वाटली. पण मी मराठीचा मास्तर, मला काय कळणार.

तार घेताना मी हिशेबी डोकं चालवलं आणि म्हणालो, बाई, एक तार जायला, एक यायला, दुप्पट लागेल. बाईंनी एकेरी तारेचंच वेटोळं माझ्या खांद्यावर टाकलं. गावात आल्यावर मला घेऊन नाल्यावर गेल्या आणि जमिनीतून वर आलेल्या लोखंडी पाईपवर पक्कड ठोकली. "हे घ्या तुमची दुसरी तार. सरकारनं आधीच गाडून देल्ली, इकडून पार टाकीपर्यंत." आणि स्वतःच्याच हुशारीवर इतक्या हसल्या की विहिरीतली कबुतरं उडाली.

टाकीत पाण्याबरोबर वर यायला काहीतरी तरंगतं लागणार होतं. त्यासाठी बाईंनी वाळका भोपळा निवडला. आमच्याकडं पोरं पोहायला शिकतात ती असले भोपळे पाठीला बांधून, त्यामुळं तो बुडणार नाही याची गावाला खात्री होती. भोपळ्यावर काडी, काडीवर लोखंडाची पट्टी. टाकी भरली की भोपळा वर येणार, ही पट्टी दुसऱ्या पट्टीला टेकणार आणि खाली मोटारीवर घंटी वाजणार. झाडाझाडांवरून तार ओढायला आठवडा गेला. नववीचा वर्ग सगळा तारेखाली होता. त्या आठवड्यात मराठी कोणीच शिकलं नाही.

टाकीच्या परीक्षेचा दिवस दिवाळीच्या तोंडावरचा. नानासाहेब नवं धोतर, नवी टोपी घालून टेकडीवर आले, सोबत पंचायतीचे लोक, आणि अर्धं गाव फुकटात करमणूक म्हणून. मी वर होतो. बाई खाली देवरावजवळ. वीज आली. पाईप थरथरला आणि टाकीत पाणी पडू लागलं. भोपळा डुलत डुलत वर येऊ लागला. लोकांनी माना लांब केल्या. पट्टी पट्टीला टेकली, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पाणी चालूच.

"वाजली असन घंटी," नानासाहेब म्हणाले, आणि ऐटीत टाकीच्या उपळ्याखाली जाऊन उभे राहिले. उपळा म्हणजे जादा पाणी बाहेर पडायचं तोंड. पुढच्या क्षणी ते तोंड सुटलं आणि नानासाहेब टोपीपासून वहाणांपर्यंत न्हाऊन निघाले. कोणी हसायची हिंमत करेना. कौसल्या मात्र रडायला लागली. तिला कळलं होतं की देवरावची नोकरी त्या पाण्याबरोबर टेकडीवरून खाली चालली आहे.

घंटीची वाट पाहून बाई खालून धावत येताना दिसल्या. झोळी नाही, पदर खोचलेला. आल्या त्या थेट टाकीवर चढल्या. पट्ट्या तपासल्या, बोट फिरवलं, बोट डोळ्यांसमोर धरलं. बोट केशरी झालं होतं. त्यांनी वास घेतला.

"शेंदूर कोनं लावला?"

कौसल्या पुढं झाली. "मी लावला बाई. सकाळीच. नवी वस्तू हाय, त्याले तेल-शेंदूर लावा लागते ना. माया मालकाची नोकरी याच्यावरच हाय, म्हनून दोन्ही पट्ट्याले जाड लावला."

तेलात कालवलेल्या शेंदरातून वीज कशी जाणार? कौसल्येनं ज्याच्यासाठी देवाला साकडं घातलं होतं ते तिनंच झाकून टाकलं होतं. मला वाटलं, आता बाई चिडणार. बाई टाकीच्या कठड्यावर बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. मग कौसल्येलाही काय झालं ते कळलं नाही पण हसू फुटलं, आणि मग नानासाहेबांच्या टोपीतून ठिबकणारं पाणी पाहून सगळ्या टेकडीनंच हसून घेतलं. बाईंनी स्वतःच्या पदरानं दोन्ही पट्ट्या लख्ख पुसल्या आणि हात काढला. भोपळ्यानं पट्टी टेकवली.

लगेच पाईपची थरथर थांबली. पाण्याची धार बारीक झाली, ठिबकली आणि बंद पडली. टेकडीवर कोणी हललं नव्हतं. देवराव खाली, नाल्यावर, आणि तरी मोटार बंद झाली होती. लोक टाकीकडं पाहत राहिले.

नानासाहेब धोतर पिळत म्हणाले, "टाकी भरली हे मले तं घंटीबिगरच समजलं." मग देवरावच्या दिशेनं, नाल्याकडं पाहत म्हणाले, "राहू द्या त्याले. दुसरा गडी पाहाचं काम नाई."

त्या संध्याकाळी शेवटच्या नळाला पाणी आलं. बाईंनी घागर भरली, बाजूला ठेवली आणि वाहत्या नळाकडं थोडा वेळ पाहत उभ्या राहिल्या. मग मला शेंगदाणे दिले.

कौसल्येला त्यांनी नंतर एवढंच सांगितलं की पूजा बंद करू नको, पण शेंदूर टाकीच्या दगडाला लाव, आणि रोज सकाळी वर आलीस की पट्टी एकदा हातानं दाब. खाली घंटी वाजली म्हणजे तार शाबूत. एकदा तारेवर कोणी वाकळ वाळत घातली आणि तार तुटली, ते कौसल्येच्या पूजेमुळंच कळलं. पुढं ती देवळात चुकली असेल, पण टाकीवर चुकली नाही.

कर्णे मात्र खरंच बोलले. ती थाप नव्हती. एक कर्णा डालड्याच्या डब्यात घालून टाकीवर बसवला, दुसरा तसाच डब्यात घालून खाली मोटारीच्या खोलीबाहेर, कडुलिंबाच्या खोडाला, कारण आत मोटारीच्या आवाजात काही ऐकू येत नसे. दोन्हीकडं एक खटका: इकडं केला तर घंटी, तिकडं केला तर बोलणं. बोलायचं असलं की वरून पट्टी तीनदा दाबायची, मग देवराव येऊन खटका फिरवायचा. आवाज यायचा बारीक, डब्यातला, पण यायचा.

पण त्यात एक अट होती. तोच डबा तोंड आणि तोच कान. बोलताना तोंड लावायचं, आणि 'बोला' म्हणून झटकन कान लावायचा. दोघांनी एकाच वेळी तोंड लावलं तर दोघांनाही काही नाही. हे देवरावला जमेना. समोरासमोर शब्द न काढणारा हा माणूस डबा मिळाला की सुटायचा. बाई वरून ओरडत, "देवरावभाऊ, एकानं बोलाचं, एकानं आयकाचं. बारी बारीनं." तिकडून देवरावचं चालूच: वीज कवा आली, मोटार कशी गरम झाली, धाकटीला ताप आहे, नाल्यावर नीलगाय आली होती. बाई कपाळावर हात मारत आणि डब्याला कान लावून सगळं ऐकत. दोन वर्षांत त्या दोघांचं एकही बोलणं धड पार पडलं नाही. बाई मला म्हणत, "त्याचं आयकाले कोनी नव्हतं सर. आता तार हाय, तं बोलून घेते."

मग बाईंची बदली झाली. मानोऱ्याला, घराजवळ, म्हणून सगळ्यांना आनंदच झाला. शाळेत निरोप समारंभ झाला, नानासाहेब बोलले, पोरींनी हार घातले. देवराव आला नाही. नेमकी त्याच वेळी वीज आली होती आणि मोटार सोडून त्याला हलता येत नव्हतं. बसची वेळ झाली तरी बाई कुठं दिसेनात. मला अंदाज होता. मी टेकडी चढलो.

बाई टाकीजवळ बसल्या होत्या. हार काढून टाकीच्या कठड्यावर, पट्टीशेजारी ठेवला होता. त्यांनी पट्टी तीनदा दाबली, खटका फिरवला आणि डब्याला कान लावला. मी थांबलो. मला वाटलं, आता देवराव सुटणार. पण बाईंचा चेहरा तसाच, ऐकणारा. बऱ्याच वेळानं त्या जराशा हसल्या. ना त्या बोलल्या, ना तिकडून काही आल्यासारखं दिसलं. खाली रस्त्यावर एसटीनं हॉर्न दिला.

बाई उठल्या, डोळे पुसले, आणि हसतच म्हणाल्या, "पाहा सर, देवरावभाऊ शिकले. आज मधात बोलले नाईत. नुसती लिंबाची सळसळ आयकू आली." खटका परत घंटीवर केला. "तुमी सायकलनं मोटारीवर जा अन् त्याईले सांगा, म्हना, बाईले सारं आयकू आलं." आणि पदर खोचून टेकडी उतरल्या, नेहमीसारख्याच, मला पळायला लावत.

मी नाल्यावर पोचलो तेव्हा मोटार चालू होती. देवराव कडुलिंबाशी उभा होता, रस्त्याकडं पाठ, दोन्ही हातांनी डबा धरलेला, कान डब्याला. मी म्हणालो, "देवरावभाऊ, बाईंनी सांगितलंय..." त्यानं मागं न पाहता हात वर केला.

"थांबा सर. आता बाईची बारी हाय."

तेवढ्यात एसटी नाल्याच्या पुलावर आली. खिडकीतून बाईंचं डोकं बाहेर. मी देवरावला हाक मारणार, तर बाईंनी तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं. त्यांनी त्याला पाहिलं होतं, डब्याला कान लावून उभा असलेला. गाडी पूल ओलांडेपर्यंत त्या तशाच होत्या, ओठांवर बोट आणि त्या बोटामागं ते सगळं तोंडभर हसू.